देवाशी भागीदारी, पण हिशेबाची वही स्वतःच्या हातात : केडगावच्या पंडिता रमाबाईंचा न सांगितला जाणारा इतिहास

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. आणि वाचण्याआधीच "ती धर्मांतरवाली का?" अशी कमेंट टाकायची घाई करू नका. त्या प्रश्नाकडेही येणार आहे.

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. आपल्या भागातल्या लोकांना केडगाव म्हटलं की गुऱ्हाळं आठवतात, नारायण महाराजांचं बेट आठवतं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे "मिशन". या मिशनबद्दल बहुतेकांना एवढंच माहीत असतं की तिथे पंडिता रमाबाई होत्या, त्या फार विद्वान होत्या, ख्रिस्ती झाल्या आणि त्यांनी अनाथ बायका-मुलींना सांभाळलं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी, आणि १९८९ साली निघालेलं एक टपाल तिकीट. संपला विषय.

मला आज त्यांच्या विद्वत्तेबद्दल किंवा समाजसेवेबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचंय ते त्यांच्या कारभाराबद्दल. जमीन, विहिरी, फळबाग, हातमाग, तेलघाणा, दुभती जनावरं, छापखाना. एका विधवा बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या कोरडवाहू पट्ट्यात हे सगळं उभं केलं आणि चालवलं. या सगळ्याचा मालक कोण, असं विचारलं तर ती सांगायची, देव. मी फक्त कारभारीण.

हे ऐकायला भाबडं वाटतं. पण त्यामागे काय होतं ते नीट पाहिलं तर आजच्या बचत गटांपर्यंत येऊन पोचणारा एक धागा सापडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विरोध झाला, आणि ते रानात गंगामूळ इथे आश्रम करून राहिले. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत देशभर फिरलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. उरलेली दोन भावंडं चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, तेही जातीबाहेर. १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. पदरात वर्षाच्या आतली मुलगी, मनोरमा.

म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी ना माहेर, ना सासर, ना गाव, ना वतन. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे आयुष्यभर या बाईचा एकच झगडा दिसतो : दुसऱ्याच्या पैशावर संस्था चालवली तर तो दुसरा उद्या येऊन कसं वागायचं ते सांगणार. आणि तसं सांगणारे खूप आले.

पहिला सामना बिशपांशी

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात केवढा गहजब झाला ते सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी मात्र "सत्सार"मध्ये त्यांची बाजू घेतली.

पण त्याच्या पुढची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला. यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, तिचं मायदेशातलं काम बिघडेल, असा सूर. रमाबाई भडकल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेलाय. त्यात हा वाद मुळातून वाचायला मिळतो. मुद्दा एवढाच होता की धर्म स्वीकारला म्हणजे स्वातंत्र्य गहाण टाकलं असं नाही. देवाचं ऐकेन, पण देवाच्या नावाने तुम्ही बोललात म्हणून तुमचं ऐकेनच असं नाही.

इथेच या "भागीदारी"ची पहिली किल्ली सापडते. ज्या बाईच्या डोक्यावर बाप, नवरा, भाऊ, बिशप, पुढारी असा कोणी ना कोणी बसवायचाच अशी सगळ्यांची समजूत असते, तिने "माझा मालक थेट देव आहे" असं म्हटलं की मधल्या सगळ्यांची गरजच संपते. भक्तीच्या भाषेत बोललेलं हे व्यवहाराचं वाक्य आहे. आपल्याकडे मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांनी विठ्ठलाला थेट हाक मारली, त्यात हाच जोर होता. फरक इतकाच की रमाबाईंनी त्या जोरावर सातबाऱ्याला हात घातला.

दुसरी गोष्ट : पुस्तक विकून उभं केलेलं भांडवल

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तारीख ११ मार्च. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं "द हाय-कास्ट हिंदू वुमन" हे इंग्रजी पुस्तक आलं. ते हजारोंनी खपलं. गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक विकलं, "रमाबाई सर्कल" नावाची मंडळं काढली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचे, असा करार.

दहा वर्षं. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पुढची शेती याच आकड्यातून आली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी मंडळी सल्लागार. याच शाळेतल्या गोदूबाईंशी १८९३ च्या ११ मार्चलाच धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. पण त्याच साली वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती होतायत, असा आरोप झाला. "केसरी"ने झोड उठवली. सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

एखादी संस्था अशा वेळी बंद पडली असती. शाळा टिकली, कारण पैसा पुण्यातल्या सल्लागारांचा नव्हता. पण बॉस्टनच्या पैशालाही मुदत होती. १८९८ ला दहा वर्षं भरणार होती. पुढे काय?

म्हणून केडगाव

१८९० च्या दशकाच्या मध्यात रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. सुमारे शंभर एकर. बेत साधा होता : फळझाडं लावायची, विहिरी पाडायच्या, दहा वर्षांचा करार संपेपर्यंत बाग धरती करायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. रेल्वे जवळ, पुण्या-मुंबईची बाजारपेठ हाताशी. आज कुठल्याही शेतकरी उत्पादक कंपनीचा सल्लागार जो कागद बनवून देईल, तोच.

बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या शेवटी एका कर्तबगार बाईचं वर्णन आहे. ती शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रं विणून विकते. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये लुदिया नावाची जांभळ्या कापडाची व्यापारीण आहे, युरोपात पौलाचं ऐकून बाप्तिस्मा घेणारी पहिली बाई तीच. म्हणजे धंदा करणारी भाविक बाई ही कल्पना त्या ग्रंथात आहेच. पण आपल्याकडच्या मिशनरी बंगल्यांमधून बायकांना जे शिकवलं जाई त्यात शिवण, वाचन, प्रार्थना पुष्कळ आणि जमिनीची खरेदी अगदी कमी. रमाबाईंनी तो शेत विकत घेण्याचा भाग शब्दशः घेतला.

बेत फिसकटला, आणि मग खरं काम सुरू झालं

झाडं मोठी व्हायच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. रमाबाईंनी स्वतः लहानपणी उपासमार भोगली होती, आईवडील त्यातच गमावले होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. त्यांना न्यायचं कुठे? केडगावच्या शेतावर. आधी राहुट्या-झोपड्या, मग पक्क्या इमारती. हेच मुक्ती सदन.

याच काळात प्लेगच्या इस्पितळात त्यांची एक मुलगी नाहीशी झाली. सरकारी कारभारावर त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून टीका केली. राज्य ख्रिस्ती म्हणून गप्प बसल्या नाहीत. हेही आपल्याकडे कोणी सांगत नाही.

मग १९०० चा, आपल्या आज्या-पणज्या ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, तो. या वेळी गुजरात, काठेवाड, राजपुताना. केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. मुक्तीत सगळ्या जातींच्या आल्या. फसवलेल्या मुलींसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी वेगळा विभाग.

आता जरा कारभारी म्हणून विचार करा. दोन हजार तोंडं. रोज दोन वेळचं जेवण. अंगावर कपडा. प्यायला पाणी. आणि फळबाग अजून लहान.

त्यांनी काय केलं, तर जे जे घरात लागतं ते ते घरातच करायला घेतलं. हातमाग बसवले, कापड विणलं. तेलघाणा. गाई-म्हशी. धोबीखाना. शिवण, टोपल्या, दोर. भाजीपाला, धान्य. विहिरींच्या कामाला तर अंतच नव्हता, आपल्या पट्ट्यात पाणी म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. आणि छापखाना. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं बायकांनी शिकून घेतलं. ज्या मुली दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आल्या, त्यांतल्या काही पुढे कंपोझिटर झाल्या. त्या काळात पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतही बाईच्या हाती खिळे देणारा मालक शोधावा लागला असता.

या छापखान्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मराठी बायबल. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत पूर्ण बायबल भाषांतरित केलं. दीड दशकाहून जास्त काळ हे चाललं होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने भाषांतर हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. एका बाईने केलेलं, बायकांनी जुळवलेलं आणि बायकांनी छापलेलं.

मग देव नेमका कुठे होता या धंद्यात?

ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर नावाचे गृहस्थ अनाथालय चालवत. त्यांचा नियम असा की पैसे माणसांकडे मागायचे नाहीत, देवाकडे मागायचे. रमाबाईंवर याचा मोठा परिणाम झाला. मुक्तीचा कारभार त्याच रीतीचा, असं त्या सांगत. उद्याच्या धान्याचे पैसे नाहीत, तर प्रार्थना करायची.

पत्रकार म्हणून मला इथे थांबून बघावंसं वाटतं. कारण त्याच वेळी "मुक्ती प्रेअर बेल" नावाचं पत्रक निघत होतं, ते परदेशातल्या मित्रांपर्यंत जात होतं. त्यात संस्थेत काय चाललंय, काय गरज आहे, हे असायचं. ते वाचून लोक पैसे पाठवायचे. मग हे मागणं नव्हे का? म्हणाल तर होतं. पण त्यात एक शिस्तही होती. देवाचा पैसा म्हटला की तो कुठे गेला हे सांगावं लागतं. म्हणून अहवाल, म्हणून पत्रकं. आज देवस्थानांच्या दानपेट्यांचा आणि धर्मादाय संस्थांचा हिशेब मागितला की ज्या कपाळावर आठ्या पडतात त्या आठवून बघा, मग यातलं महत्त्व कळेल.

आणखी एक खरं सांगायला हवं. फळबाग आणि माग यांवर दोन हजार माणसं जगली नाहीत. ते शक्यच नव्हतं. जे पिकलं-विणलं त्यातलं बरंचसं घरातच जिरलं असणार, आणि वरचा खर्च देणग्यांवर चालला. त्यामुळे "रमाबाई यशस्वी उद्योजिका" अशी आजकालच्या भाषणातली पाटी त्यांना लावू नका. त्यांनी नफा कमावला नाही. त्यांनी कमावली ती एक वेगळी गोष्ट : निर्णय घ्यायची जागा. जमीन कुठली घ्यायची, कुणाला आत घ्यायचं, काय छापायचं, हे ठरवायला त्यांना पुण्याच्या कमिटीची, बिशपची किंवा कलेक्टरची सही लागत नव्हती.

आता तो प्रश्न

उपाशी पोरींना आणून ख्रिस्ती केलं की नाही? मुक्तीतल्या बहुतेक जणी ख्रिस्ती झाल्या, हे खरं आहे. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली, रात्ररात्र प्रार्थना चालल्या, तिची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात झाली. ज्या मुलीचा जीव तुम्ही वाचवलाय, तिने तुमचा धर्म घेतला तर ती निवड किती मोकळी, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. मी तो टाळणार नाही आणि रमाबाईंच्या भक्तांनीही टाळू नये. सगळ्याचा मालक देव आहे असं म्हटलं की त्या घरात कारभारणीला उलट प्रश्न विचारणंही अवघड होऊन बसतं. हा या भागीदारीतला धोका आहे, आणि तो कुठल्याही धर्माच्या संस्थेत असतो.

पण मग दुसरा प्रश्नही त्याच दमात विचारू या. त्या मुली रस्त्यावर होत्या तेव्हा त्यांच्या जातीपातीचे, गावकीचे लोक कुठे होते? आणि त्यांना घाण्यावर, मागावर, छापखान्यात उभं करण्याची कल्पना रमाबाईंच्या टीकाकारांपैकी किती जणांना सुचली? कर्व्यांना सुचली. त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. टीका करून थांबण्यापेक्षा त्यांनी स्वतः संस्था उभी केली. वादाचं खरं उत्तर असं असतं.

वही कुणाकडे, यावर सगळं ठरतं

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. दक्षिणेत नागरकोईलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईने १८२० च्या दशकात मुलींना लेस विणायला शिकवलं. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे नरसापूरलाही मिशनऱ्यांमुळेच लेस आली आणि हजारो बायका ती विणू लागल्या. सुरुवात अशीच, देवाच्या नावाने आणि गरीब बायकांच्या भल्यासाठी. पण पुढे व्यापार वाढला तसा तो पुरुष दलाल आणि निर्यातदारांकडे गेला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये नरसापूरवर पुस्तक लिहिलं. त्यात दाखवलं की दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मोजतच नव्हते. "घरी बसून फावल्या वेळात करतात" असं म्हणायचं आणि नगामागे फुटकळ पैसे द्यायचे. हुन्नर बायकांचा, बाजार दुसऱ्याचा.

उलट उदाहरण आपल्या गिरगावातलं. १९५९ साली सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत. तिथेही धंद्याबरोबर कुटुंबभाव आणि भक्तिभाव ही तत्त्वं धरली होती, सर्वोदयी विचारातून आलेली. पण प्रत्येक लाटणारी बहीण ही भागीदार, नफ्या-तोट्यात वाटा, हा नियम पक्का. धर्म वेगळा, काळ वेगळा, माल वेगळा. टिकण्याचं कारण मात्र तेच.

गेली वीसेक वर्षं मी तालुक्याच्या बातम्या करतोय. दर ८ मार्चला महिला बचत गटांचे मेळावे कव्हर करतो. स्टेजवर पुढारी, खाली साड्यांचे एकसारखे रंग. आरती, दीपप्रज्वलन, देवीचा जयजयकार सगळं होतं. नंतर मागच्या रांगेतल्या बायकांशी बोललं की कळतं : गटाचं पासबुक अध्यक्षबाईंच्या नवऱ्याकडे, कर्जाचा अर्ज कुणा भाऊंनी भरलेला, लोणच्याच्या बरणीवर लेबल तिसऱ्याच्याच दुकानाचं. शेतात राबणारी ती आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने "लक्ष्मीमुक्ती" म्हणून बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम काढली, तिलाही आता पस्तीस वर्षं होत आली. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला. तरी तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावातल्या किती बायकांचं नाव लागलंय ते बघून या.

देवाला भागीदार करायला माझी काहीच हरकत नाही. विठोबाला करा, येशूला करा, अल्लाला करा, कुणालाच करू नका. पण बाकीच्या भागीदारांची नावं कागदावर येऊ द्या, आणि वही त्या बायकांच्या हातात राहू द्या. रमाबाईंनी केडगावात हे केलं, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही मुक्ती मिशन त्याच जागेवर आहे.

तुमच्या गावात बायकांनी स्वतःच्या सहीने चालवलेला एखादा धंदा, गट, गुऱ्हाळ, छापखाना, काहीही असेल तर कमेंटमध्ये लिहा. गटाचं आणि गावाचं नाव द्या, पुढाऱ्याचं नको. आणि सही कुणाची चालते ते विचारूनच लिहा.